आंब्याच्या सालीवरचे डाग आणि चिकातलं आम्ल
आंब्याचा चीक आम्लधर्मी असतो म्हणून साल काळी पडते, असं म्हणतात ते अर्धंच खरं. देठ मोडताच उडणारा चीक काचेच्या बारीक नळीत धरून थोडा वेळ उभा ठेवा. दोन थर होतात, वर तेलकट आणि खाली पाणचट. डाग पाडतो तो वरचा थर. खालचा सालीवर सोडला तर फारसं काही होत नाही. तेलकट थरात टर्पीन नावाची उग्र वासाची द्रव्यं असतात, काही जातींत टर्पिनोलीन, काहींत कॅरीन. ती सालीवरच्या बारीक छिद्रांतून आत शिरून पेशी फोडतात, मग पेशीत एरवी वेगवेगळे राहणारे पॉलिफेनॉल (सालीतली रसायनं) आणि त्यांचं ऑक्सिडीकरण करणारं विकर (एन्झाइम) एकत्र येतात आणि तपकिरी रंग धरतो. कापलेलं सफरचंद काळवंडतं तसंच.

हा तेलकट भाग पहिल्या काही सेकंदांच्या चिळकांडीतच सर्वाधिक असतो. म्हणून फळ ५ सेंमी तरी देठ ठेवून काढावं, आणि नंतर देठ मोडताना देठाची बाजू खाली धरून चीक निथळू द्यावा. मोडून लगेच आडवं ठेवलं की सगळं मुसळ केरात! पहाटे फळ पाण्याने टच्च भरलेलं असतं, तेव्हा चीक जोरात उडतो.

बाकी चीक म्हणजे निव्वळ उपद्रव नव्हे. त्यातली रिसॉर्सिनॉल नावाची रसायनं बुरशीला आवर घालतात, आणि हाताला खाज सुटते तीही त्यांच्यामुळेच.