गणपतीच्या देखाव्यात इरोक्वाय मुखवटे लावावेत का?

देखावा_रॉचेस्टर:
आमच्या मंडळाने यंदा गणपतीच्या देखाव्यात, आपण ज्या जमिनीवर राहतो तिच्या मूळ लोकांविषयी काही मांडायचं ठरवलंय. अमेरिकेतलं आपलं रॉचेस्टर म्हणजे सेनेका या मूळ जमातीचा मुलूख, इरोक्वाय या जमातींच्या संघातलाच. त्यांचे वाकड्या नाकाचे, लांब केसांचे लाकडी मुखवटे मला फार आवडले. जव्हारकडच्या बोहाड्यात असतात तसे आठ-दहा मुखवटे कागदाच्या लगद्याचे करून मखराभोवती लावू म्हणतो. त्यांच्या सणांची, विधींची कुणाला नीट माहिती आहे का?

मालती:
दादा, कळकळीने सांगते, मुखवटे नकोत. कागदाचे नकोत आणि त्यांचे फोटोही नकोत.

बारा वर्षांपूर्वी मी एका सेलमधून असाच एक लहान मुखवटा आणून दिवाणखान्यात टांगला होता. ऑफिसमधली सेनेका मैत्रीण जेवायला आली आणि भिंतीकडे पाठ होईल अशी खुर्ची शोधून बसली. ताटातला वरणभात तिने जेमतेम चिवडला. निघताना हळू आवाजात विचारलं, "याला कुणी खायला घालतं का?" मला काही कळेचना. मग तिने सांगितलं, तो मुखवटा जिवंत मानतात, आजार बरे करणारा. त्याला मक्याची पेज भरवतात, तंबाखू वाहतात. मी तेव्हाच तो पंच्यात गुंडाळून तिच्या हाती दिला. आपल्या आजीच्या देव्हाऱ्यातले खंडोबाचे टाक कुणी दुकानाच्या काचेत टांगलेले दिसले तर पोटात कसं कालवेल, तसं तिला त्या संध्याकाळी झालं असणार. १९९५ साली त्यांच्या महासभेने हे मुखवटे, त्यांच्या प्रतिकृती आणि चित्रं प्रदर्शनात मांडू नयेत असं लेखी कळवलेलं आहे. म्हणून मीही याविषयी इथेच थांबते.

शक्यतो 'होडिनोशोनी' असं लिहा, म्हणजे लाँगहाऊस (अनेक कुटुंबांचं एकच लांबलचक घर) बांधणारे लोक. इरोक्वाय हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं.

मांडायचाच तर त्यांचा धन्यवादाचा पाठ मांडा. कुठलाही विधी, कुठलीही सभा त्यानेच सुरू होते. माणसं, धरणीमाता, पाणी, मासे, औषधी वनस्पती, झाडं, पक्षी, चार वारे, गडगडणारे आजोबा, थोरला भाऊ सूर्य, आजी चंद्र असं एकेकाला आठवत जातात. आपला चांदोबा मामा, त्यांची ती आजी! प्रत्येक टप्प्यावर म्हणतात, "आता आपली मनं एक झाली." त्यात मागणं एकही नाही. मला ते फार भिडतं.

शिवाय मका, घेवडा, भोपळा या तीन बहिणी. मक्याच्या ताटाला घेवड्याचा वेल धरतो, भोपळ्याची पानं खाली ओल धरून ठेवतात. आपल्या शेतकऱ्याला मिश्रपीक समजावून सांगावं लागणार नाही. मुलांना व्हिक्टर गावाजवळ गनोंडगनला, सेनेकांच्या जुन्या गावाच्या जागी न्या. १६८७ साली फ्रेंच फौजेने तिथला मका नासवला होता, आज तिथे झाडाच्या सालीचं लाँगहाऊस उभं आहे.

आणि हो, गणपतीच्या सुमारासच त्यांचा कोवळ्या मक्याचा सण असतो. त्यात बाळांची नावं जाहीर करतात. नाव कुळाच्या मालकीचं असतं, कूळ आईकडून येतं, आणि कुळमाता रिकामं झालेलं नाव नव्या बाळाला देते. पण बोलावल्याशिवाय तिथे जाऊ नका.

जुनी_पानं:
मालतीताईंशी सहमत. एक भर घालतो. आज लाँगहाऊसमध्ये जी शिकवण सांगतात तिच्यात हँडसम लेकचा मोठा वाटा आहे. दारूपायी अंथरुणाला खिळलेल्या या सेनेका माणसाला १७९९ साली दृष्टांत झाले आणि तो दारू सोडा म्हणत गावोगाव फिरला. १८१५ साली संघातल्याच ओनोंडागा जमातीच्या गावी वारला. होडिनोशोनींचा सगळ्यात मोठा सण हिवाळ्यात, जानेवारीतल्या अमावस्येनंतर साधारण पाचव्या दिवशी सुरू होतो. लाकडी वल्ह्यांनी चुलीतली राख ढवळून देवाचे आभार मानतात. तिथी तेही चंद्रावरूनच धरतात!

देखावा_रॉचेस्टर:
मालतीताई, बरं झालं विचारलं. काल लगदा भिजत घातला होता, तो वाया नाही जाणार. त्याचे भोपळे आणि मक्याची कणसं करायला घेतलीत. मखराच्या डाव्या बाजूला खरी ताटं आणि घेवड्याचा वेल लावतोय. धन्यवादाचा पाठ मुलीच्या अक्षरात लिहून घेतोय, पण लावण्याआधी तुमच्या मैत्रिणीला एकदा दाखवाल का?

मालती:
शनिवारी तिच्याकडेच जाणार आहे. कागद पाठवून द्या.