जुन्या तांत्रिक नियतकालिकांच्या स्कॅनिंगसाठी मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या ग्रंथालयातील जुनी अभियांत्रिकी नियतकालिके आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका स्कॅन करण्याचे काम मी हाती घेतले आहे. लाकडाच्या लगद्यापासून केलेला आम्लयुक्त कागद इतका ठिसूळ झाला आहे की घडी घातलेले मोठे आराखडे उलगडताना घडीवरच तुटतात, त्यामुळे प्रत्येक पान शक्यतो एकदाच हाताळायचे आहे. साधा मजकूर ४०० डीपीआयवर (दर इंचाला ४०० बिंदू) स्कॅन करून मूळ प्रत टिफमध्ये (चित्राचा तपशील जपणारा फाइल-प्रकार) आणि वाचकांची प्रत पीडीएफमध्ये ठेवतो. तिथे अडचण नाही.

खरी अडचण छायाचित्रांची आहे. ती बारीक ठिपक्यांच्या जाळीने छापलेली असल्यामुळे स्कॅनमध्ये लहरींसारखी नक्षी उमटते, आणि ती घालवणारे फिल्टर लावले की त्याच पानावरील आकृत्यांच्या बारीक रेषा व मापांचे आकडेही पुसट होतात. अशी पाने ६०० डीपीआयवर स्कॅन करावीत आणि फिल्टर केवळ वाचकांच्या प्रतीला लावावे, असे मला वाटते. हे योग्य ठरेल का?

शिवाय ओसीआर (स्कॅनमधील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवणारे सॉफ्टवेअर) कोष्टकांतील दशांशचिन्हे गाळते, आणि तांत्रिक मजकुरात ही चूक मला फार गंभीर वाटते. कोष्टके पडताळण्याची खात्रीशीर पद्धत कोणी वापरली असल्यास कृपया सविस्तर सांगावी.