जुन्या गाडीतला जॅक आणि स्कॅनरचे सॉकेट: आपापले अनुभव लिहावेत

अंबाजोगाईकर: परवा पुतणीने सेकंडहँड गाडी घेतली आणि "काका, हिच्यात जॅक कुठे असतो?" असे विचारले, तेव्हा मांजरसुंब्याच्या घाटात वडिलांनी बॅटरीच्या उजेडात अख्खी डिकी उपसली होती ती रात्र आठवली. जुन्या गाडीबरोबर आरसी येते, विम्याचा कागद येतो, पण माहितीपुस्तिका बहुधा पहिल्या मालकाकडेच राहते. आपापल्या गाडीत जॅक आणि स्कॅनरचे (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाड वाचणाऱ्या यंत्राचे) सॉकेट कुठे सापडले, ते गाडीच्या सालासह लिहावे.

गोदाकाठची: आमच्या गाडीत जॅक पुढच्या सीटखाली होता. तो नुसता ओढून निघत नाही, कारण थोडा उघडून कोंदणात दाबून बसवलेला असतो. टोकाची कडी हाताने फिरवून आखडला की अलगद बाहेर येतो.

लातूररोड: सॉकेट बहुतेक वेळा स्टिअरिंगखाली, पेडलांच्या वरच्या अंगाला असते, काही गाड्यांत फ्यूजच्या झाकणामागेही सापडते. आठ-आठ छिद्रांच्या दोन ओळी आणि एक बाजू जरा अरुंद, ही त्याची खूण. स्कॅनरचा दिवा लागलाच नाही, तर आधी फ्यूज तपासावा. 16 क्रमांकाच्या पिनेला थेट बॅटरीचा करंट येतो, आणि अनेक गाड्यांत तो फ्यूज सिगारेट लायटरशी सामाईक असतो. हे ठाऊक नसल्याने सॉकेटच खराब म्हणून वायरिंग उकलणारे मेस्त्री मी पाहिले आहेत.

पाटोद्याचा: सालाचे महत्त्व फार आहे. आपल्याकडे ओबीडीचा, म्हणजे गाडीने आपले बिघाड आपणच नोंदवण्याच्या यंत्रणेचा, पहिला टप्पा 2010 मध्ये आणि दुसरा 2013 मध्ये लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या गाडीत सोळा पिनांचे सॉकेट दिसले तरी बाजारातला साधा ब्लूटूथ स्कॅनर तिच्याशी बोलेलच असे नाही. कार्बोरेटरच्या मारुती 800 मध्ये तर शोधूच नये. तिथे वाचायला संगणकच नाही.

रानवाट: दादा, मोलाची माहिती दिलीत. जॅकबद्दल एवढेच सांगते, की पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत तो गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली रुतत जातो, म्हणून डिकीत जाड लाकडी फळी कायम ठेवावी. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला चाकाजवळ दोन खाचा असतात, त्यांच्या मधोमधच जॅक लावावा. इतरत्र लावला तर पत्रा आत जातो. नट मात्र चाक जमिनीवर टेकलेले असतानाच सैल करावेत.

गोदाकाठची: फळीचे अगदी खरे आहे, ताई. आमच्या शेतरस्त्यावर तर विटेचाही भुगा झाला होता.

अंबाजोगाईकर: सर्वांचे आभार. पुतणीच्या गाडीला एलपीजी किट आहे आणि गोल टाकी स्टेपनीच्या जागी बसवली आहे. जॅक आणि पाना तेव्हाच बाहेर काढले असावेत. विकणाऱ्याला फोन लावतो.