मानपत्रात ‘रंगेल’ लिहिलं तर चालेल का?

मंगळवारपेठ
शाळेतले एक सर ५८ पूर्ण होऊन निवृत्त होताहेत. मानपत्राच्या मसुद्यात वाक्य असं आहे: ‘सरांच्या रंगेल व हरहुन्नरी स्वभावामुळे स्टाफरूम सदैव हसती राहिली.’ सर सतत हसत-खेळत असतात, एवढंच म्हणायचंय. एकजण म्हणतो रंगेल काढा, दुसरा म्हणतो त्यात काय वाईट? फ्रेम उद्या छापायला जाणार आहे.

करवीरचा_कोशवाला
काढाच, आणि आजच काढा. ‘रंगेल’मध्ये रंग दिसतो म्हणून माणसं फसतात. मराठीत रंगेल म्हणजे ऐषआरामी, बायकांच्या नादी लागणारा, छंदीफंदी. ‘तरुणपणी फार रंगेल होता’ असं कुणाबद्दल म्हटलं की ऐकणारा कसा गालात हसतो ते आठवा. हिंदी गाण्यांतल्या ‘रंगीला’मुळे हा शब्द सौम्य वाटू लागलाय, पण शब्दाचा अर्थ जागचा हललेला नाही.

रंग ठेवायचाच असेल तर क्रियापद घ्या. ‘गप्पा रंगणे’, ‘रंगात येणे’ यांना कसलाच डाग नाही. ‘रंगतदार’ मात्र माणसाला लावू नका. आपल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानातली कुस्ती रंगतदार असते, सर नसतात.

तुम्हाला हवा तो शब्द ‘दिलखुलास’. जवळचे दोन शब्द त्यात मिसळू नयेत म्हणून सांगतो. मिसळीचं बिल गुपचूप भागवून येतो तो दिलदार. मनातलं आडपडदा न ठेवता सांगतो तो मनमोकळा. आणि रश्श्याचा ठसका लागला तरी ज्याचं हसू थांबत नाही, तो दिलखुलास. मोठ्यानं बोलणं ही त्याची अट नाही. हातचं राखून न वागणं ही आहे. कमी बोलणारा माणूसही दिलखुलास असू शकतो.

दुसरी चूक ‘हरहुन्नरी’. हुन्नर म्हणजे कसब. सर पेटी वाजवतात, फळा रंगवतात, फुटबॉलही खेळतात, तर हरहुन्नरी बरोबर. नुसते हसरे असतील तर चूक.

शाहूपुरी_४थी_गल्ली
सहमत. व्याकरणाचं एक सांगतो. दिलखुलास बदलत नाही: दिलखुलास सर, दिलखुलास मॅडम, दिलखुलास पोरं. क्रियेलाही तसाच लागतो, ‘दिलखुलास हसले’. ‘दिलखुलासपणे हसले’ चुकीचं नाही, पण मानपत्रात जड वाटतं.

मंगळवारपेठ
आणि ‘रांगडे’? किंवा सरळ ‘नादखुळा’? पोरं तेच म्हणताहेत.

करवीरचा_कोशवाला
रांगडा म्हणजे धिप्पाड, रोखठोक, पॉलिश नसलेला. आपल्याकडं ती शाबासकी, पण बाहेरगावचे पाहुणे त्यातून ‘अडाणी’ ऐकतील. शिवाय त्यात ताकद आहे, हसू नाही. तालमीतल्या वस्तादांना शोभेल.

नादखुळ्याचं लिहिणं नीट सांभाळा. ‘नाद खुळा!’ तोडून लिहिलं की तो उद्गार, लिंग-वचन काही लागत नाही. ‘नादखुळा’ जोडून लिहिलं की ते विशेषण, मग नादखुळी, नादखुळे असं चालतं, आणि अर्थ होतो एखाद्या गोष्टीच्या नादानं वेडा झालेला. कशाचा नाद ते सांगितलंच पाहिजे: ‘फुटबॉलचे नादखुळे’. नुसतं ‘नादखुळे सर’ अर्धवट राहतं. पोरांच्या भाषणात ‘सर, नाद खुळा!’ झकास जाईल. फ्रेमवर नको.

वाक्य असं करून बघा:

‘सर बोलायला दिलखुलास. मधल्या सुट्टीत चहाचा कप हातात आला की स्टाफरूममधल्या गप्पा त्यांच्यामुळेच रंगायच्या.’

स्वभाव हा शब्दच गळला बघा, आणि माणूस समोर आला.

शाहूपुरी_४थी_गल्ली
पहिल्या वाक्यात ‘बोलायला आणि हसायला’ केलंत तर आणखी जमेल. छापायच्या आधी प्रूफवर ‘दिलखुलास’मधला ‘खु’ तपासा, टाईप करताना तो हमखास दीर्घ पडतो. मोठ्या अक्षरात चूक लांबूनही दिसते.