मदत हवी आहे: मुंबई ओपन बघायला लेकीला नेमकं कुठल्या दिवशी नेऊ?

लेकुरवाळी

नमस्कार मंडळी,

लेक बारा वर्षांची आहे, पुण्यात टेनिस खेळते. नुकतीच चौदा वर्षांखालच्या स्पर्धांत उतरायला लागली आहे. तिच्या सरांनी फर्मान काढलंय की टीव्हीवरचं पुरे, आता एकदा बायकांची व्यावसायिक स्पर्धा कोर्टाशेजारी बसून बघा. त्यातल्या त्यात जवळची म्हणजे मुंबई ओपन, चर्चगेटच्या सीसीआयवर (ब्रेबॉर्न स्टेडियमचा क्लब) होते ती.

अडचण अशी की शाळेतून रजा एकाच दिवसाची मिळेल. नवरा म्हणतो, रविवारी फायनललाच जाऊ, रजेचाही प्रश्न नको. सर म्हणतात आठवड्याच्या सुरुवातीला जा. का, ते विचारलं तर "बघा म्हणजे कळेल". मला स्वतःला टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे घरात निकाल लागत नाहीये.

तर कुठला दिवस बरा? बसायचं कुठे, बाजूला की कोर्टाच्या मागे? आणि तिला काय बघ म्हणून सांगू? नाहीतर ही दिवसभर खेळाडूंचे कपडे आणि बॅगा बघत बसेल. सासूबाईही येणार आहेत, तेव्हा प्रवासाचंही सांगा. तिकिटाचं मी बघते.

ड्रॉपशॉट

सरांचं ऐका. एकेरीची मुख्य फेरी ३२ जणींची, म्हणजे पहिल्या फेरीतच १६ सामने. दोन दिवसांत ते वेगवेगळ्या कोर्टांवर उरकतात. एक कंटाळवाणा वाटला तर उठून दुसरीकडे जाता येतं. फायनलच्या दिवशी एकेरीचा सामना एकच, आणि तो रंगेलच याची हमी कोण देणार? २०१७ ला याच स्पर्धेची फायनल सबालेंकाने डालिला याकुपोविचला ६-२, ६-३ अशी गुंडाळली होती. पुण्याहून येऊन तेवढंच बघून परत जायचं?

गिरगावकर

सबालेंका इथे जिंकली तेव्हा १९ वर्षांची होती आणि तिचं नाव नीट उच्चारता येणारेही कमीच होते. पुढे २०२३ मध्ये ती जगात पहिली झाली. ही स्पर्धा अशीच, आज कोण बघतोय ते पाच-सहा वर्षांनी कळतं.

पण ड्रॉपशॉट, फायनलला एवढंही हिणवू नका. २०२४ ची आठवा. लॅटव्हियाची दार्या सेमेनिस्ताया आणि ऑस्ट्रेलियाची स्टॉर्म हंटर. पहिला सेट हंटरचा ७-५, दुसरा टायब्रेकवर (६-६ झाल्यावरचा निर्णायक गेम) सेमेनिस्तायाने खेचला आणि तिसरा ६-२ घेऊन जिंकली. हरत आलेली मॅच फिरवतात कशी, हे पोरीने बघितलं तर वर्षभराचं शिकवणं झालं.

ड्रॉपशॉट

मान्य. पण तशी मॅच मंगळवारीही होते. त्याच २०२४ मध्ये पहिल्या फेरीत आपल्या सहजा यमलापल्लीने अव्वल मानांकित कायला डे हिला तीन सेटमध्ये घरी पाठवलं होतं.

जुनीजाणती

लेकुरवाळी, मी स्वतः राज्य पातळीपर्यंत खेळलेय आणि आता लहान मुलांना शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जमलं तर पात्रता फेरी गाठा, ती मुख्य फेरीच्या आधी होते. नाहीतर पहिल्या फेरीचा दिवस. महिलांच्या टेनिसची उतरंड अशी: वर चार ग्रँड स्लॅम, मग १०००, ५००, २५० आणि त्याखाली १२५ (विजेतीला मिळणाऱ्या गुणांवरून ही नावं). मुंबईची स्पर्धा १२५ ची. त्याखाली आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) छोट्या स्पर्धा. १२५ ला येणाऱ्या बऱ्याच जणी जागतिक क्रमवारीत शंभर ते तीनशे क्रमांकाच्या घरातल्या. त्यांचा प्रवास, हॉटेल, कोच सगळं बक्षिसाच्या रकमेवर आणि गुणांवर टेकलेलं असतं. पात्रता फेरीतल्या खेळाडूंना तर आधी तिथे जिंकावं लागतं, तेव्हा कुठे मुख्य फेरीचं दार उघडतं. तिथलं टेनिस चकचकीत नसतं, पण एकही पॉइंट कुणी सोडत नाही. बारा वर्षांच्या मुलीने नेमकं हेच बघायला हवं.

२०२५ ला कोइम्बतूरची माया राजेश्वरन, वय १५, पात्रता फेरीतून आत आली आणि थेट उपांत्य फेरीपर्यंत गेली. तिथे जिल टाइचमनने तिला हरवलं, आणि टाइचमननेच मग स्पर्धा जिंकली. तुमच्या लेकीच्या आजच्या वयापेक्षा तेव्हा तीनच वर्षांनी मोठी! हे तिला गाडीतच सांगा, बॅगांकडे लक्ष जाणार नाही.

बसायचं कुठे? आधी कोर्टाच्या मागच्या बाजूला, बेसलाइनच्या (टोकाच्या रेषेच्या) मागे. टीव्हीचा कॅमेरा उंचावरून दाखवतो, त्यामुळे चेंडू नेटवरून किती वर जातो आणि टप्पा पडल्यावर किती उसळतो ते कळतच नाही. मागे खाली बसलं की स्पिन (चेंडूची फिरकी) दिसतो. एखादा सेट झाला की बाजूला या, तिथून वेग अंगावर येतो.

आणि तिला एक काम द्या. अर्धा तास चेंडूकडे बघायचंच नाही, रिटर्न करणारीचे पाय बघायचे. समोरची सर्व्हिस करायला हात वर नेते तशी ही पुढे सरकते, छोटीशी उडी मारते आणि समोरच्या रॅकेटला चेंडू लागतो त्याच सुमारास तिचे दोन्ही पाय टेकतात. तिथून मग डावीकडे की उजवीकडे. प्रत्येक पॉइंटला, दमली असली तरी, ०-५ ने मागे असली तरी. आमच्या मुलांना "उडी विसरू नका" सांगून घसा बसतो. एकदा बघितलं की परत सांगावं लागत नाही.

दुसरं म्हणजे दोन पॉइंटमधली २५ सेकंदं. चूक झाल्यावर कोण कोचकडे बघते, कोण रॅकेटच्या तारा सरळ करत पाठ फिरवते. कोच जागेवरून बोलताना दिसले तर दचकू नका, २०२५ पासून नियमातच बसतं ते.

निळीछत्री

प्रवासाचं मी सांगतो. सकाळी ७.१५ ची डेक्कन क्वीन, साडेदहाच्या आसपास सीएसएमटी. तिथून भुयारी मेट्रोने हुतात्मा चौक, मग चर्चगेट, दोनच स्टेशनं. पुढे ब्रेबॉर्न स्टेडियम चालत. सासूबाईंना जिने नको असतील तर टॅक्सी करा, अंतर फार नाही. परतीची डेक्कन क्वीन ५.१० ला सुटते, तेव्हा संध्याकाळचे सामने हुकतील. थांबायचं असेल तर दादरहून शिवनेरी.

आदल्या संध्याकाळी 'ऑर्डर ऑफ प्ले' जाहीर होते. कुठल्या कोर्टावर कुणाची मॅच कितवी, ते त्यात असतं. पहिली सोडली तर बाकीच्यांची वेळ पक्की नसते, आधीची संपली की पुढची. टोप्या घ्या. फेब्रुवारी असला तरी मुंबईत दुपारी ऊन चढतं.

गिरगावकर

आणि पॉइंट चालू असताना उठायचं नाही! खेळाडू बाजू बदलताना बसतात तेव्हाच काय ते ये-जा करा. सासूबाईंना आधीच कल्पना द्या, नाहीतर अंपायर माइकवरून सांगतो आणि सगळं स्टेडियम वळून बघतं.

डेक्कनवाला

एक राहिलंच. पुण्यातच डेक्कन जिमखान्यावर आयटीएफच्या महिला स्पर्धा होतात. मुंबई १२५ ला जाच, पण त्याही चुकवू नका. आपल्या पुण्याची ऋतुजा भोसले अशाच स्पर्धा खेळत मोठी झाली आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. तिथे शाळेची रजाही लागत नाही, सुटल्यावर दप्तरासकट जा.

लेकुरवाळी

किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी! नवऱ्याला धागा वाचायला दिला. २०१७ चा स्कोअर वाचून गप्प बसला, मग २०२४ चा वाचून परत बोलायला लागला. तरी मंगळवार ठरला आहे. रजेचा अर्ज उद्या देते.

जुनीजाणती, पायांचं काम लेकीला आजच सांगितलं, तर "आजी पण मोजेल का उड्या?" म्हणाली. एक शेवटचं विचारते: सही मागितलेली चालते का, आणि कधी?

जुनीजाणती

चालते, पण मॅचआधी अजिबात नको. जिंकलेली खेळाडू कोर्टातून बाहेर पडताना विचारायचं, हरलेलीला जाऊ द्यायचं. सरावाच्या कोर्टाशीही संधी मिळते, सराव संपल्यावर. वही न्या किंवा मोठा टेनिस बॉल, आणि मार्कर घरूनच न्या.