समुद्रावरचे कपडे गावातल्या रस्त्यावर: कायदा हवा की नको?

देवबागकर
मालवणजवळ देवबागला खाडीकाठी आमच्या चार खोल्या आहेत, पर्यटकांना देतो. घर त्यांच्यावरच चालतं, त्यामुळे पाहुण्यांविरुद्ध बोलताना जीभ जड होते. तरी लिहितो. गेल्या मे महिन्यात समुद्रात डुंबून आलेले पाच-सहा पुरुष, अंगावर नुसती ओली चड्डी, तसेच वाडीतल्या किराणा दुकानात शिरले. गल्ल्यावर शेजारची सोळा वर्षांची मुलगी होती. ती उठून आत गेली, आणि त्यानंतर दुकानात बसायला तयार नाही.

तोकड्या कपड्यांवर बोललं की लोकांना फक्त बायका दिसतात. मला जास्त खुपतं ते पुरुषांचं उघडं अंग.

बार्सिलोना शहराने २०११ साली नियम केला. किनारा आणि त्याला लागून असलेला रस्ता सोडून पोहण्याच्या कपड्यांत शहरात फिरलात तर दंड. पर्यटनावर जगणाऱ्या शहराला हे जमतं, तर आपल्या राज्याने असा कायदा का करू नये?

मेघा_उमरेड
दादा, तुमचा राग पटतो, उपाय पटत नाही. आमच्या उमरेड तालुक्यात तिरखुऱ्याच्या एका रिसॉर्टवर २०२३ च्या मे महिन्यात पोलिसांची धाड पडली. तोकड्या स्कर्टमध्ये काही मुली नाचत होत्या आणि पाहुणे बघत होते. अश्लीलतेचा गुन्हा दाखल झाला. ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पाच जणांवरचा तो गुन्हा रद्द केला. तोकडे कपडे घालणं किंवा तसं नाचणं एवढ्यानेच अश्लील ठरत नाही, असं न्यायमूर्तींनी सांगितलं. पण तोपर्यंत पाच महिने गेले होते, आणि आमच्याकडे चर्चा पाहुण्यांची नव्हती, त्या मुलींचीच होती. उद्या तुमचा कायदा झाला तर धाड ओल्या चड्डीवाल्यांवर पडेल की त्यांच्यासोबत आलेल्या बायकांवर?

निवृत्त_ठाणे_अंमलदार
तीस वर्षं खात्यात काढली, म्हणून लिहितो. कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा आहे, त्याच्या कलम ११० मध्ये सार्वजनिक जागी असभ्य वर्तन आणि अंग उघडं टाकणं येतं. शिवाय जुन्या भारतीय दंड विधानाचं कलम २९४, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९६. अश्लील कृत्यामुळे इतरांना उपद्रव झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अडचण वेगळीच आहे. असभ्य कशाला म्हणायचं हे गस्तीवरच्या शिपायाने ठरवायचं. एकाला गुडघा दिसला तरी चालतो, दुसऱ्याला उघडा दंडही चालत नाही. आम्ही कारवाई केली तर छळ, नाही केली तर हप्ता घेतला. म्हणून मी देवबागकरांच्या बाजूचा आहे. नियम स्पष्ट लिहा, म्हणजे शिपायाच्या मर्जीवर काही राहणार नाही.

सई_पु
काका, स्पष्ट नियमाचाही प्रयोग होऊन गेला आहे. दक्षिण कोरियात १९७३ साली लष्करशाहीने मिनीस्कर्टवर बंदी आणली, आणि पोलीस भर रस्त्यात मुलींच्या गुडघ्यापासून पट्टीने अंतर मोजत होते. शिपायाच्या मर्जीपेक्षा हे मला बरं वाटत नाही.

आणि युगांडा. तिथे २०१४ मध्ये अश्लीलताविरोधी कायदा आला. लोकांनी त्याला मिनीस्कर्टचा कायदाच म्हटलं. पुढच्या काही आठवड्यांत रस्त्यावरच्या टोळक्यांनी बायकांना अडवून त्यांचे कपडे फाडले. सरकार आपल्या बाजूचं आहे असं टोळक्यांना वाटत होतं. न्यायालयाने २०२१ मध्ये त्या कायद्यातली मुख्य कलमं रद्द केली. आपल्याकडे टोळकी कमी आहेत का?

तुळजापूर_लेक
सई, देवाच्या दारात तरी मर्यादा नको का? सिद्धिविनायक न्यासाने जानेवारी २०२५ मध्ये तोकड्या, अंग दिसणाऱ्या कपड्यांना मनाई केली. मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. आमच्या तुळजाभवानी मंदिरातही मे २०२३ मध्ये तसे फलक लागले होते, टीका झाली आणि त्याच दिवशी उतरवले. मला वाईट वाटलं. आई डोक्यावर पदर घेतल्याशिवाय पायऱ्या उतरत नाही, तिच्या भावनेला काही किंमत आहे की नाही?

सई_पु
आईच्या पदराला किंमत आहेच, ताई. पण तो पदर तिने स्वतः घेतलाय. मंदिराचा नियम मंदिरापुरता असतो, पटला नाही तर माणूस बाहेरून नमस्कार करून जाईल. रस्ता सोडून कुठे जायचं?

महाडचा_नातू
कपड्यांचा कायदा म्हटलं की मला दक्षिणेतलं जुनं त्रावणकोर संस्थान आठवतं. तिथे नाडार जातीच्या बायकांना छाती झाकायची मनाई होती. झाकली म्हणून मारहाण झाली, कपडे फाडले गेले. अनेक दशकं त्या लढल्या, तेव्हा कुठे १८५९ साली राजाने परवानगी दिली, आणि तीही वरच्या जातीच्या बायकांसारखं वस्त्र घ्यायचं नाही या अटीवर. म्हणजे अंग झाकणं हाच गुन्हा होता. आणि १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना काय सांगितलं? जातीची खूण पटवणारी लुगडं नेसायची पद्धत सोडा, अंगभर नीट नेसा. त्यांनी कायदा मागितला नाही, बायकांशी बोलले. माझी पणजी तेव्हापासून पायघोळ नेसायला लागली, असं घरात सांगतात. कोणी काय नेसावं हे सरकारच्या हातात द्यायला आमच्या घरातलं कोणीही तयार होणार नाही.

देवबागकर
नातू, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. पोलिसांच्या हातात पट्टी नको, हे मान्य. राज्याच्या कायद्याची मागणी मी मागे घेतो.

पण वाडीला काहीच म्हणता येऊ नये, हे मात्र मान्य नाही. आम्ही खोल्यावाले आणि बोटवाले मिळून ग्रामसभेत ठराव मांडणार आहोत. किनाऱ्यावरून वर येणाऱ्या वाटेवर फलक: ओल्या कपड्यांत, उघड्या अंगाने वस्तीत येऊ नये. त्यात बाई किंवा पुरुष असा शब्दच नको. दंड नाही. आमच्याकडे खोली घेणाऱ्याला आम्ही आल्या दिवशीच तोंडी सांगू, टॉवेल हातात देऊ.

निवृत्त_ठाणे_अंमलदार
दंड नसेल तर दोन दिवस पाळतील. माझं मत तेच आहे. शुभेच्छा मात्र मनापासून.

मेघा_उमरेड
या फलकाला माझा विरोध नाही. एकच विचारते, ती मुलगी परत दुकानात बसायला लागली का?

देवबागकर
नाही. आता तिचा भाऊ बसतो.