औषध कंपनीतील प्रशिक्षणात माझ्या हातून झालेली चूक अहवालात लिहावी का?

नवखी विश्लेषक (प्रश्न):

मी औषधनिर्माणशास्त्राच्या अंतिम वर्षाची विद्यार्थिनी असून एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात, म्हणजे क्यूसीमध्ये, सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेत आहे. सुरुवातीचे काही आठवडे एसओपी, म्हणजे कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धती, वाचून त्यांखाली सह्या करण्यात, काचसामान धुण्यात आणि वजनकाट्याची रोजची तपासणी लांबून पाहण्यात गेले. त्यानंतर मला गोळ्यांच्या डिसोल्युशन चाचणीवर, म्हणजे गोळीतील औषध किती विरघळते ते पाहणाऱ्या चाचणीवर, मदतनीस म्हणून बसवण्यात आले आणि माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

चाचणी नेहमीचीच होती: सहा भांडी, प्रत्येकात ९०० मिलि मीडियम (गोळी ज्यात विरघळवतात ते द्रव), तापमान ३७ अंश सेल्सिअस, पॅडलची गती मिनिटाला ५० फेरे आणि ३० मिनिटांनी नमुना. क्यू, म्हणजे तेवढ्या वेळात विरघळायला हवे असलेले औषधाचे ठरलेले प्रमाण, ८० टक्के होता. मी नमुने गाळले, प्रत्येकी ५ मिलि पिपेटने घेऊन ५० मिलिच्या फ्लास्कमध्ये पातळ केले आणि वरिष्ठांनी यूव्हीवर, म्हणजे द्रावणातील औषधाचे प्रमाण प्रकाशाच्या शोषणावरून मोजणाऱ्या यंत्रावर, रीडिंग घेतले. पुढच्या बॅचसाठी टेबल मोकळे हवे होते, म्हणून रीडिंगचा कागद छापून येताच मी गाळलेले नमुने, फ्लास्क आणि भांड्यांतील द्रावण असे सगळे ओतून दिले आणि धुऊनही टाकले. गणित झाले ते त्यानंतर अर्ध्या तासाने. पाच गोळ्या ९१ ते ९६ टक्क्यांच्या दरम्यान आल्या आणि सहावी आली ६१. (आकडे मी थोडे बदलले आहेत, चित्र मात्र तेच आहे.)

आता चौकशी सुरू आहे, परंतु तपासायला काहीच शिल्लक नसल्याने कारण सापडत नाही. मला कोणी रागावले नाही, पण त्या दिवसापासून माझ्याकडे केवळ कागदपत्रे लावण्याचे काम आहे. महाविद्यालयात प्रशिक्षणाचा अहवाल द्यायचा आहे. मैत्रिणींच्या मते त्यात हा प्रसंग अजिबात लिहू नये. लिहायचा झाल्यास कंपनीशी केलेल्या गोपनीयतेच्या कराराचा भंग न होता कसा लिहावा, हेही समजत नाही.

निळी शाई:

मी गेली चौदा वर्षे क्यूसीत आहे. प्रथम एक दुरुस्ती सुचवतो. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही हा निकाल नापास धरलेला दिसतो; फार्माकोपियाच्या, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाच्या, हिशेबाने तो अजून नापास झालेला नाही. पहिल्या टप्प्यात सहाही गोळ्या क्यू अधिक ५, म्हणजे तुमच्या बाबतीत किमान ८५ टक्के असाव्या लागतात. तसे झाले नाही तर आणखी सहा गोळ्या घेतात. तेव्हा बारांची सरासरी किमान ८० यावी लागते आणि क्यू वजा १५ च्या, म्हणजे ६५ च्या खाली एकही गोळी चालत नाही, त्यामुळे तुमची सहावी गोळी इथे अडकणारच. परंतु तिसऱ्या टप्प्यात आणखी बारा घेऊन होणाऱ्या एकूण चोवीस गोळ्यांमध्ये सरासरी ८० राहिली, तर ६५ च्या खालच्या दोन गोळ्यांपर्यंत सूट आहे. ५५ च्या खाली मात्र एकही नको. म्हणजे बॅचचा निवाडा अजून व्हायचा आहे.

हे खरे असले तरी पाच गोळ्या नव्वदीत आणि एक साठीत दिसली, की शहाणी प्रयोगशाळा टप्पे मोजत बसण्याआधी कारण शोधते, आणि तुमच्या हातून गेली ती नेमकी हीच संधी. गाळलेला सहावा नमुना शिल्लक असता तर त्यातून पुन्हा ५ मिलि घेऊन, पातळ करून, रीडिंग घेता आले असते. दुसऱ्यांदा ९३ आले असते तर संशय पिपेटवर किंवा फ्लास्कवर गेला असता; पुन्हा ६१ च आले असते तर दोष त्याच्या मागे, गाळणीत, भांड्यात किंवा खुद्द गोळीत शोधावा लागला असता. पाच मिलि द्रावणात हा सगळा उलगडा होता. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने स्पेसिफिकेशनबाहेरच्या (ठरलेल्या मर्यादेत न बसणाऱ्या) निकालांविषयी २००६ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेतही नमुन्यांची द्रावणे टाकण्यापूर्वी निकाल स्पेसिफिकेशनमध्ये बसतो का, ते विश्लेषकाने पाहावे, असे स्पष्ट म्हटले आहे.

प्रयोगशाळेची चूक सिद्ध झाल्याशिवाय आधीचा निकाल रद्द करता येत नाही. पुन्हा केलेली चाचणी उत्तीर्ण झाली एवढे कारण त्याला पुरत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतील बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात हाच मुद्दा गाजला होता. त्यामुळे तुमचे ते ६१ आता नोंदीत कायम राहणार.

चूक तुमच्या एकटीची आहे, असे मात्र मी मानत नाही. गणित तपासून होईपर्यंत द्रावणे राखून ठेवावीत हे वाक्य तुमच्या एसओपीत आहे का, आणि प्रशिक्षणार्थीने ती टाकण्याआधी कोणाला विचारायचे हे तुम्हाला कोणी सांगितले होते का? शिवाय एक प्रश्न: चाचणी सुरू असताना सहाव्या भांड्यात तुम्हाला काही वेगळे दिसले होते का?

नवखी विश्लेषक:

एसओपीत निकाल पूर्ण होईपर्यंत ती ठेवावीत असे आहे. छापलेले रीडिंग म्हणजेच निकाल, असा माझा समज झाला होता.

भांड्याविषयी तुम्ही विचारले म्हणून लिहिते. सहावी गोळी टाकली तेव्हा ती सरळ तळाशी न जाता एका बाजूने वळली आणि काचेला, तळापासून दोन बोटे वर, चिकटून राहिली. तिच्याभोवती बारीक बुडबुडे होते. बाकी पाच गोळ्या पॅडलच्या बरोबर खाली होत्या. काही मिनिटांनी मी पुन्हा पाहिले तेव्हाही ती तिथेच होती. त्यानंतर मी नमुन्यांच्या नळ्यांना लेबले लावण्यात गुंतले. ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही, आणि चौकशीत मला फक्त पिपेट व फ्लास्क यांच्याविषयीच विचारण्यात आले.

निळी शाई:

ही गोष्ट उद्या सकाळी पहिल्यांदा तुमच्या वरिष्ठांना सांगा. मीडियममधील हवा नीट काढलेली नसली तर बुडबुडे गोळीला धरतात, आणि काचेला चिकटलेल्या गोळीभोवतीचा प्रवाह पॅडलखालच्या गोळीपेक्षा वेगळा असल्याने ती मागे राहू शकते. आता मीडियमची हवा कशी काढली, किती वेळ काढली, त्याची नोंद कुठे आहे, हे सर्व तपासता येईल. त्यातून कारण सिद्ध होईलच असे नाही, पण चौकशीला निदान एक दिशा मिळेल.

मात्र एक काळजी घ्या. हे निरीक्षण त्या दिवसाच्या वर्कशीटमध्ये मागाहून घुसवू नका आणि कोणी तसे सुचवले तरी मान्य करू नका. स्वतंत्र निवेदन लिहा, त्यावर लिहिल्याच्या दिवसाची तारीख घाला, प्रसंग कोणत्या दिवशीचा आहे ते मजकुरात सांगा आणि तेव्हा नोंद केली नव्हती, हेही त्यातच लिहा. उशिरा लिहिलेली खरी नोंद दुबळी असते, पण ती चालते. जुन्या तारखेने लिहिलेली नोंद, तिच्यातले प्रत्येक अक्षर खरे असले तरी, बनावटच ठरते.

गेल्या वर्षीचा प्रशिक्षणार्थी:

वरील सल्ला कंपनीच्या बाजूने योग्य असेल, परंतु अहवालाबाबत माझे मत वेगळे आहे. माझ्या अहवालावर कंपनीची सही लागत होती आणि मी त्यात बॅच क्रमांकासह निकालांचा तक्ता दिल्यामुळे तो सही न होता परत आला. पुन्हा लिहिण्यात तीन आठवडे गेले. ज्या प्रसंगाची चौकशी सुरू आहे तो लिहिला, तर सही आणखी लांबेल आणि परीक्षक चूक तेवढी लक्षात ठेवतील. यंत्रांची माहिती द्यावी आणि मोकळे व्हावे.

प्रशिक्षण मार्गदर्शक:

मी विद्यार्थ्यांचे असे अहवाल तपासतो, म्हणून सांगतो. यंत्रांची माहिती असलेले अहवाल आमच्याकडे ढिगाने येतात, त्यांतील आकृत्यासुद्धा त्याच असतात, आणि तोंडी परीक्षेत सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न असा असतो की यात तुम्ही स्वतः काय केले. तुमच्याजवळ त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

सहीची अडचण मात्र खरी आहे, आणि वरच्या विद्यार्थ्याने भोगलेला त्रास टाळता येतो. उत्पादनाचे नाव, घटकद्रव्य, बॅच क्रमांक, तारखा व प्रत्यक्ष टक्केवारी यांपैकी काहीही लिहू नका. सहा एककांपैकी एक उरलेल्या पाचांपेक्षा बरेच खाली आले, एवढे पुरेसे आहे. कंपनीच्या चौकशीचा निष्कर्ष हा तुमचा विषय नाही, त्यामुळे त्यावर मत देऊ नका. फार्माकोपियातील तीन टप्पे सर्वांसाठी खुले आहेत; ते सविस्तर द्या, आणि गाळलेला नमुना शिल्लक असता तर कोणत्या क्रमाने काय तपासले असते, ते स्वतःच्या शब्दांत मांडा. कच्चा मसुदा पूर्ण अहवालाची वाट न पाहता आधीच कंपनीतील मार्गदर्शकांना दाखवा. त्यांनी हे प्रकरण वगळण्यास सांगितले तर ते मुकाट्याने वगळा आणि तोंडी परीक्षेतही त्याचा तपशील सांगू नका.

नवखी विश्लेषक:

सर्वांची आभारी आहे. काल सकाळी वरिष्ठांना सांगितले आणि कालच्याच तारखेने निवेदन लिहून दिले. त्यांनी दोन वेळा वाचले, मग बुडबुडे नेमके कुठे होते हे मला रिकाम्या भांड्यावर बोट ठेवून दाखवायला लावले. मीडियमच्या नोंदवहीत हवा काढायला सुरुवात केल्याची वेळ आहे, संपवल्याची नाही. ती बाब आता चौकशीत घेतली आहे.

मसुद्याची दोन पाने त्यांच्याकडे दिली आहेत. चौकशीने मंजुरी दिल्यावर उरलेल्या अठरा गोळ्यांची चाचणी होईल. त्या वेळी भांड्यांसमोर उभे राहून प्रत्येक गोळी कुठे पडली याची जागच्या जागी नोंद करण्याचे काम मला दिले आहे.